दारूला हात नाही, तरी लिव्हरचा कॅन्सर! आणि तो पसरतो कसा? समजून घेऊ ‘गोल आरएनए’

गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा चालू होता. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रोटीन, हे मी फळ्यावर काढून दाखवत होतो. तास संपला आणि एक मुलगी टेबलाजवळ येऊन थांबली. तिचे नाना दोन महिन्यांपूर्वी लिव्हरच्या कॅन्सरने गेले होते. (त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन, नाव न देता हे लिहितोय.)

म्हणाली, “सर, आमच्या नानांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. पण मय्यतीला आलेले लोक हळूच विचारत होते, ‘पीत होते का?’ अम्मीला फार लागलं ते. आणि सर, डॉक्टरांनी तर ऑपरेशन करून गाठ काढली होती. मग वर्षभरात ती फुफ्फुसात कशी निघाली?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं. दुसऱ्याचं अर्धंच आलं. मी तिला म्हटलं, बेटा, मला थोडे दिवस दे. मग सुट्टीत बसून वाचत गेलो. वाचताना जे हाती लागलं ते आमच्या पाठ्यपुस्तकात नाही, पण त्याची सुरुवात त्याच धड्यातून होते. म्हणून आज दुसरा प्रश्न आधी घेतो.

लिव्हर म्हणजे यकृत, उर्दूत जिगर. वजन साधारण दीड किलो, आणि दर मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त त्यातून जातं. आतड्यातून आलेलं अन्नरस घेतलेलं रक्त आधी इथे येतं, गाळलं जातं, मग हृदयाकडे आणि तिथून थेट फुफ्फुसात जातं. हा रस्ता लक्षात ठेवा. लिव्हरमधली कॅन्सरची पेशी एकदा रक्तवाहिनीत शिरली, की तिला पुढची पहिली बारीक जाळी भेटते ती फुफ्फुसाची. म्हणूनच लिव्हरचा कॅन्सर बाहेर पडला तर सगळ्यात जास्त वेळा फुफ्फुसातच सापडतो. त्यानंतर हाडं, जवळच्या लसिकाग्रंथी वगैरे.

पण रक्तवाहिनीत शिरणं सोपं नसतं. शरीरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात, आणि त्यांच्या भोवती प्रोटीनच्या धाग्यांचं जाळं असतं. आपल्याकडे शेताला बांध असतो ना, तसंच समजा. पाणी बांधाच्या आत आहे तोवर काम करतं, बांध फुटला की कुठेही जातं. कॅन्सरच्या पेशीला पसरायचं असेल तर शेजारणींचा हात सोडावा लागतो, मग हे जाळं कापावं लागतं, मग रक्तात जिवंत राहावं लागतं, आणि दुसऱ्या जागी पुन्हा रुजावं लागतं. बहुतेक पेशी वाटेतच मरतात. एखाददुसरी टिकते.

आणि ही एखाददुसरी पेशी सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. नानांचं ऑपरेशन झालं तेव्हा गाठ पूर्ण निघाली असेल, पण काही पेशी त्याआधीच बाहेर पडून गप्प बसलेल्या असू शकतात. लिव्हरच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या निम्म्याहून अधिक लोकांत पाच वर्षांच्या आत तो पुन्हा दिसतो, हे जगभरचं चित्र आहे. कधी जुन्या पेशींमुळे, कधी उरलेलं लिव्हरच आजारी असल्यामुळे तिथे नवी गाठ होते. यात डॉक्टरांची चूक किंवा घरच्यांचा हलगर्जीपणा शोधत बसू नये, असं मला मनापासून वाटतं. “दुसरीकडे नेलं असतं तर…” या विचाराने किती घरं झुरतात.

आता प्रश्न असा, की एका माणसाची गाठ वर्षानुवर्षं जागच्या जागी राहते आणि दुसऱ्याची सहा महिन्यांत पसरते, असं का? बांध कोण राखतं आणि कोण फोडतं? याचं एकच उत्तर नाही. पण गेल्या दहा-बारा वर्षांत या उत्तराचा एक तुकडा सापडलाय. त्याचं नाव सर्क्युलर आरएनए, म्हणजे गोल आरएनए.

दहावीच्या मुलांच्या आई-वडिलांनी हा भाग मुलांना शेजारी बसवून वाचावा. डीएनए म्हणजे मूळ ग्रंथ, तो पेशीच्या केंद्रकात राहतो. त्यातल्या लागेल तेवढ्या मजकुराची नक्कल होते, तो आरएनए. याला आपण प्रतिलेखन म्हणतो. ही नक्कल बाहेर येते आणि तिच्यावरून प्रोटीन बनतं. पुस्तकात इथपर्यंत आहे. पुस्तकात नसलेली गोष्ट ही, की पहिली नक्कल कच्ची असते. तिच्यात कामाचे तुकडे आणि बिनकामाचे तुकडे आलटून-पालटून असतात. पेशी बिनकामाचे कापून टाकते आणि कामाचे तुकडे ओळीने जोडते. तयार होतो एक सरळ धागा, ज्याला दोन टोकं असतात.

कधी कधी मात्र जोडणी उलटी होते. पुढच्या तुकड्याचं शेपूट मागच्या तुकड्याच्या तोंडाला जोडलं जातं. मग धाग्याचं होतं कडं.

तसबीह डोळ्यासमोर आणा. मणी ओवलेला सुटा दोरा असेल तर टोकाकडून एकेक मणी निसटतो. दोन्ही टोकं इमामच्या मण्यापाशी बांधली की मणी निसटायला जागाच राहत नाही. पेशीतही असंच आहे. सरळ आरएनएला कुरतडणारे एन्झाइम टोकापासून सुरुवात करतात. गोल आरएनएला टोकच नाही, म्हणून तो सरळ आरएनएपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतो. आणि जसं इमामच्या मण्यावरून आपल्याला गाठ कुठे मारली ते कळतं, तसंच शास्त्रज्ञ हा उलटा जोड शोधूनच गोल आरएनए ओळखतात. बाकीचा मजकूर सरळ आरएनएसारखाच असतो, वेगळा असतो तो एवढा एक जोड.

ही कडी नवी नाहीत, आपल्याला उशिरा कळली. १९७६ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की झाडांना रोग लावणारे व्हायरॉइड नावाचे जीव म्हणजे नुसती आरएनएची कडी असतात. १९७९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्राण्यांच्या पेशीतही अशी कडी दिसली. पण तेव्हा लोकांना वाटलं, ही पेशीची जोडताना झालेली चूक आहे, कचरा आहे. तीस-पस्तीस वर्षं तसंच चाललं. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात बर्लिन आणि डेन्मार्कमधल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं, की यातलं एक कडं चक्क काम करतं. मला वर्गात नेहमी वाटतं, मुलांच्या वहीतली ‘चूक’ खोडण्याआधी एकदा नीट बघावी.

हे कडं काय काम करतं? त्यासाठी आणखी एक पात्र ओळखावं लागेल, मायक्रो आरएनए. हा अगदीच छोटा, जेमतेम बावीस अक्षरांचा आरएनए. १९९३ मध्ये सापडला, आणि त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. मायक्रो आरएनए सरळ आरएनएला जाऊन चिकटतो आणि त्याचं काम थांबवतो, म्हणजे त्या नकलेवरून प्रोटीन बनत नाही. गवतातून चालताना पायजम्याला कुसळं चिकटतात, तसं समजा. खूप कुसळं चिकटली की चालणं अवघड.

आता त्याच गवतातून तुमच्या पुढे कोणी जाडी घोंगडी ओढत नेली तर? बरीचशी कुसळं घोंगडीलाच चिकटतील आणि तुमचा पायजमा वाचेल. गोल आरएनए कधी कधी हीच घोंगडी होतो. २०१३ मध्ये जे कडं सापडलं, त्याच्यावर एकाच प्रकारच्या मायक्रो आरएनएला चिकटायला सत्तरहून जास्त जागा आहेत. शास्त्रज्ञ याला स्पंज म्हणतात. मला घोंगडी बरी वाटते.

आता पुन्हा लिव्हरकडे आणि त्या बांधाकडे येऊ.

पेशींभोवतीचं जाळं कापणारी प्रोटीन असतात, त्यांना एमएमपी म्हणतात. ती वाईट नाहीत. जखम भरताना, नवी रक्तवाहिनी बनताना त्यांची गरज असते. पण त्यांच्यावर पहारा लागतो. असा एक पहारेकरी प्रोटीन म्हणजे टिम्प-३. तो कापणाऱ्यांचा हात धरून ठेवतो.

२०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी लिव्हर कॅन्सरच्या रुग्णांच्या गाठी आणि त्यांच्या शेजारचं निरोगी लिव्हर यांची तुलना केली. ‘सी-स्मार्का ५’ नावाचं एक कडं गाठीत कमी झालेलं दिसलं. हे कडं दोन प्रकारचे मायक्रो आरएनए स्वतःला चिकटवून घेतं. हे दोन्ही मायक्रो आरएनए मोकळे सुटले तर टिम्प-३ ची नक्कल दाबतात. म्हणजे साखळी अशी झाली: कडं कमी झालं, कुसळं मोकळी सुटली, पहारेकरी कमी पडला, कापणारे मोकाट, बांध फुटला. प्रयोगशाळेत त्यांनी पेशींमध्ये हे कडं वाढवून बघितलं, तर पेशींची वाढ आणि फिरणं कमी झालं.

कडं कमी का होतं याचाही शोध त्यांनी घेतला. डीएचएक्स-९ नावाचं एक प्रोटीन आरएनएच्या गुंतलेल्या जोड्या सोडवतं. टोकं जवळ आली तरच कडं होणार ना? हे प्रोटीन वाढलं की टोकं जवळ राहत नाहीत, आणि कडं बनायच्या आधीच मोडतं.

याच्या एक वर्ष आधी, २०१७ मध्ये, ‘सर्क-एमटीओ १’ नावाच्या दुसऱ्या कड्याबद्दल असंच दिसलं होतं. ज्यांच्या गाठीत ते कमी, ते रुग्ण सरासरीने कमी जगले. ही झाली राखणारी कडी. उलट वागणारीही आहेत. २०१९ मध्ये ‘सर्क-आरएचओटी १’ चा अभ्यास आला. हे गाठीत वाढलेलं असतं आणि पसरायला मदत करतं. ते घोंगडीचं काम करत नाही. ते एका प्रोटीनला हाताला धरून डीएनएच्या एका विशिष्ट जागी नेऊन बसवतं, आणि तिथला बंद असलेला जीन चालू होतो. म्हणजे “गोल आरएनए चांगला” किंवा “गोल आरएनए वाईट” असं एका वाक्यात सांगता येत नाही. कुठलं कडं, कुठल्या पेशीत, किती, यावर सगळं आहे.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. घोंगडीची कल्पना ऐकायला छान आहे, म्हणून तिच्यावर शेकडो शोधनिबंध निघाले. पण बरीच कडी पेशीत इतकी थोडी असतात आणि त्यांच्यावर चिकटायच्या जागा इतक्या कमी असतात, की एवढ्याशा घोंगडीने शेतभर कुसळं गोळा होतील का, अशी शंका शास्त्रज्ञच घेतात. सत्तर जागा असलेलं ते पहिलं कडं अपवाद ठरतंय. यातले बरेच प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहेत.

मग याचा रुग्णाला उपयोग काय? उपचार म्हणून आज काहीच नाही. गोल आरएनएचं इंजेक्शन किंवा गोळी लिव्हर कॅन्सरसाठी दवाखान्यात मिळत नाही. तपासणी म्हणून आशा जास्त आहे. ही कडी टिकाऊ असल्यामुळे गाठीतून सुटून रक्तात आली तरी सापडतात. चीनमध्ये २०२० च्या सुमारास हिपॅटायटिस बी असलेल्या लोकांच्या रक्तातल्या तीन कड्यांवरून कॅन्सर लवकर ओळखता येतो का, याचा मोठा अभ्यास झाला आणि निकाल उत्साह वाढवणारा आला. पण आपल्याकडच्या लॅबमध्ये ही रोजची तपासणी नाही. भारतात भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ लाइफ सायन्सेसमध्ये गोल आरएनएवर काम करणारी प्रयोगशाळा आहे, तिथेही ते संशोधनच आहे. तेव्हा “आरएनए थेरपी”, “जीन लेव्हलवर लिव्हर साफ” असं लिहिलेली पावडर किंवा महागडी टेस्ट कोणी व्हॉट्सॲपवर पाठवली, तर पैसे खिशातच ठेवा.

आता त्या मुलीचा पहिला प्रश्न. दारू नाही, मग कसा?

दारू हे एक कारण आहे, एकमेव नाही. भारतात लिव्हरच्या कॅन्सरमागे सगळ्यात मोठं कारण हिपॅटायटिस बी हा विषाणू राहिला आहे. त्याच्या सोबतीला हिपॅटायटिस सी, आणि आता डायबेटिस व लठ्ठपणातून येणारं फॅटी लिव्हर झपाट्याने वाढतंय. दावतीतली बिर्याणी, नंतर शीरखुर्मा आणि रात्री दहाला चहा-खारी, आणि दिवसभर दुकानात बसून काम, हे आपल्या घरांना लागू आहे हे कबूल करायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात जवळपास तीन कोटी लोकांना हिपॅटायटिस बी आहे. यातल्या बहुतेकांना माहीतच नाही, कारण वर्षानुवर्षं काहीच त्रास होत नाही. नानांच्या फाइलमध्येही ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं होतं. घरात कोणी त्याचा अर्थ विचारला नव्हता.

इथे कावीळ या शब्दाने घोटाळा होतो. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई ची असते. ती बहुतेकांना आपोआप बरी होते आणि श्रेय मिळतं डोक्यावर ठेवलेल्या काविळीच्या माळेला. बी आणि सी रक्तातून येतात, लपून बसतात, आणि वीस-तीस वर्षांनी लिव्हर कडक झाल्यावर किंवा गाठ झाल्यावर कळतात. माळ किती का लांब होईना, त्यांना काही होत नाही.

योगायोग बघा, हिपॅटायटिस डी नावाचा आणखी एक विषाणू आहे, तो स्वतःच एक गोल आरएनए आहे. १९७७ मध्ये इटलीत सापडला. त्याला एकट्याला जगता येत नाही, बी च्या आधाराने जगतो आणि लिव्हरचं नुकसान आणखी वेगाने करतो. बी ची लस घेतली की डी चाही रस्ता बंद.

बी पसरतो रक्तातून, शरीरसंबंधातून, आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो तो बाळंतपणात आईकडून बाळाला गेला तर. मोठेपणी लागण झालेल्यांत शंभरात पाचपेक्षा कमी लोकांत तो कायमचा राहतो, बाळांमध्ये हे प्रमाण नव्वदपर्यंत जातं. म्हणून जन्मल्यावर २४ तासांच्या आत बी चा पहिला डोस असतो आणि पुढचे सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमध्ये. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ही लस सुरू केली आणि पुढे तिथे मुलांमधला लिव्हर कॅन्सर कमी झाला. आपल्या देशात ही लस सरकारी कार्यक्रमात २०११ पासून सगळीकडे आली. म्हणजे आज शाळेत असलेल्या मुलांना बहुधा मिळालीय. त्यांच्या अम्मी-अब्बांना, नाना-नानींना नाही.

आपल्या घरांसाठी काही गोष्टी मुद्दाम सांगतो. हिजामा करून घेताना ब्लेड आणि कप तुमच्यासमोर नवीन फोडलेले असावेत. खतना दवाखान्यात, निर्जंतुक हत्याराने. हज-उमराहला डोकं मुंडवताना परवानाधारक न्हाव्याकडेच जा, आणि ब्लेड बदलायला सांगायला लाजू नका. गर्दीत एकच वस्तरा दहा डोक्यांवर फिरला तर काय होऊ शकतं ते आता कळलं असेल. घरात रेझर आणि टूथब्रश प्रत्येकाचा वेगळा. आणि हेही तितकंच खरं, की एका दस्तरखानावर, एका ताटात जेवल्याने, मुसाफा केल्याने, गळाभेटीने बी लागत नाही. पेशंटची ताटवाटी वेगळी काढून त्याला अपमानित करू नका. नवरा-बायकोपैकी एकाला असेल तर दुसऱ्याने तपासणी करून लस घ्यावी, निकाह मोडायची गरज नाही.

एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी आहे, कोपरगावच्या लॅबमध्येही होते. २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, जवळच्या सरकारी दवाखान्यात केंद्र कुठे ते विचारा. पॉझिटिव्ह आलं तर घाबरून माळेवाल्याकडे पळू नका. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही, ते डॉक्टर ठरवतात. पण ज्यांचं लिव्हर कडक झालंय, किंवा डॉक्टरांनी धोका सांगितलाय, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच, सोबत एएफपी ही रक्ततपासणी. बांध फुटायच्या आधी गाठ दिसली तर ऑपरेशनला अर्थ राहतो. कॅन्सरच्या उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे ॲडमिट होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

मुलीला हे सगळं मी दोन-तीन बैठकांत सांगितलं. तिने घरी जाऊन अम्मीला आणि दोन्ही मामूंना तपासणीला लावलं. एक मामू तयारच नव्हते, म्हणे मला काही होत नाही. तेच पॉझिटिव्ह निघाले. वय अडतीस, लिव्हर अजून ठीक. आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला जातात, आणि पुढची तारीख भाचीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय.